प्रसिद्ध तुकडा आणि पूर्ण रचना : 'नववी', 'मेसाया' आणि इतर काही लोकप्रिय कृती

षड्ज_पंचम (धागाकर्ता)

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील लोकप्रिय रचना कोणाही श्रोत्याला विचारल्या, तर वाद्यवृंद आणि समूहगान यांच्या बाबतीत साधारणपणे तीच नावे पुढे येतात : बीथोव्हेनच्या नवव्या सिम्फनीतील (वाद्यवृंदासाठीच्या अनेक भागांच्या रचनेतील) आनंदगान, हँडलच्या 'मेसाया'तील हालेलुया, व्हर्डीच्या रिक्विएममधील (मृतांसाठीच्या प्रार्थनारचनेतील) 'दिएस इराए', मोझार्टच्या रिक्विएममधील 'लाक्रिमोसा', द्वोर्झाकच्या 'न्यू वर्ल्ड' सिम्फनीतील लार्गो (संथ भाग), एल्गारचे 'निमरॉड', होल्स्टचे 'ज्युपिटर'. या निवडीबद्दल माझी काहीच तक्रार नाही, कारण हे संगीत लोकप्रिय झाले ते स्वतःच्या गुणांवर. परंतु यांतील एकही नाव पूर्ण रचनेचे नाही. प्रत्येक तुकडा एका मोठ्या कृतीत ठरावीक जागी बसवलेला आहे आणि त्याच्या आधी काय येते, नंतर काय येते, यावर त्याचा परिणाम अवलंबून आहे. तेवढाच काढून ऐकला तर सुरावट हाती लागते, पण ती तिथेच का ठेवली आहे हे कळत नाही. आणि माझ्या मते त्या सुरावटीचे निम्मे बळ तिच्या जागेत आहे.

सुरुवात 'नववी'पासून करतो. ७ मे १८२४ रोजी व्हिएन्नातील केर्न्टनरटोर नाट्यगृहात ती प्रथम वाजली. बीथोव्हेनला तोवर जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. तो रंगमंचावर उभा होता, पण प्रत्यक्ष सूत्रे मिखाएल उमलाउफ याच्या हाती होती. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा खालच्या पट्टीत गाणारी (आल्टो) गायिका कारोलिने उंगर हिने बीथोव्हेनला हाताला धरून प्रेक्षकांकडे वळवले, हा प्रसंग सर्वांना ठाऊक असतो. त्या मानाने चौथ्या मूव्हमेंटची (सिम्फनीच्या शेवटच्या भागाची) पहिली काही मिनिटे क्वचितच कोणी लक्ष देऊन ऐकतो.

त्या मिनिटांत काय घडते ते पाहा. सुरुवातीला सगळा वाद्यवृंद एक कर्कश आरोळी ठोकतो. लगेच चेलो आणि डबल बेस, म्हणजे तंतुवाद्यांतील सर्वांत खालच्या सुरांची वाद्ये, माणूस बोलतो तशा लयीत काही बोलू लागतात. शब्द नसतात, पण बोलण्याचे चढउतार स्पष्ट असतात. मग पहिल्या मूव्हमेंटची सुरुवात क्षणभर ऐकू येते आणि चेलो-बेस तिला नकार देतात. दुसऱ्या मूव्हमेंटचा तुकडा येतो, त्यालाही नकार. तिसऱ्या मूव्हमेंटचा अतिशय हळुवार सूर येतो. त्याला नकार देताना आवाज जरा मऊ होतो, पण नकार कायम राहतो. त्यानंतर फुंकवाद्ये आनंदगानाची केवळ चाहूल देतात आणि ती मात्र मान्य होते. मग तीच जगप्रसिद्ध सुरावट पहिल्यांदा पूर्ण येते ती चेलो आणि बेस यांच्यावर, अगदी हलक्या आवाजात, सोबतीला एकही वाद्य नसताना. मानवी आवाजाने ती उचलायला अजून बराच अवकाश असतो.

ज्याने पहिल्या तीन मूव्हमेंट ऐकलेल्याच नाहीत, त्याला हे नकार कसे कळणार? जे नाकारले जात आहे ते त्याच्या कानांवर कधी पडलेलेच नाही. म्हणून माझा प्रश्न असा की लोकप्रिय तुकड्यांच्या संकलनांवर थांबलेल्या श्रोत्याला पूर्ण रचनेकडे कसे न्यावे, आणि तसे नेण्याची खरोखर गरज आहे, असे तुम्हाला वाटते का? तुमच्या आवडीच्या रचनांच्या आधारे लिहावे.

आल्टो_गायिका

धागा अतिशय आवडला. मी मुंबईत एका हौशी कॉयरमध्ये, म्हणजे समूहगायकांच्या गटात, आल्टो आवाजात गाते, त्यामुळे 'मेसाया'बद्दल लिहिते.

हँडलने ही रचना १७४१ मध्ये २२ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर या काळात लिहून पूर्ण केली. चार्ल्स जेनन्स याने बायबलमधील वचने निवडून तिची संहिता बांधली होती. पहिला प्रयोग १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनमध्ये फिशॅम्बल स्ट्रीटवरील सभागृहात झाला आणि त्याचे उत्पन्न दोन रुग्णालयांना व कर्जापायी तुरुंगात पडलेल्या कैद्यांच्या सुटकेसाठी देण्यात आले. गर्दी इतकी अपेक्षित होती की स्त्रियांनी घेरदार झग्यांचे सांगाडे न घालता आणि पुरुषांनी तलवारी न लावता यावे, अशी विनंती आधीच छापून प्रसिद्ध केली होती.

हालेलुया हा 'मेसाया'चा शेवट आहे, असा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात रचनेचे तीन भाग आहेत आणि हालेलुयाने दुसरा भाग संपतो. त्याच्या आधीचा क्रम मुद्दाम लक्षात घ्यावा. प्रथम बेस, म्हणजे पुरुषांतील खालच्या पट्टीचा, गायक संतापाने विचारतो की राष्ट्रे का खवळली आहेत. पाठोपाठ कॉयर त्याच बंडखोर राष्ट्रांच्या तोंडून 'आपण यांची बंधने तोडून टाकू' असे धावत्या, एकमेकांवर आदळणाऱ्या ओळींत गातो. मग टेनर, म्हणजे पुरुषांतील वरच्या पट्टीचा, गायक सांगतो की तो तुम्हाला लोहदंडाने मातीच्या भांड्याप्रमाणे फोडून टाकील. आणि यानंतर हालेलुया! जे लोक क्षणापूर्वी बंडाची भाषा बोलत होते, तेच आवाज आता जयघोष करतात. टिंपनी हे नगाऱ्यासारखे वाद्य 'मेसाया'त इथवर एकदाही वाजलेले नसते. ते प्रथम वाजते ते हालेलुयामध्ये. पूर्ण रचना ऐकताना तो पहिला आघात पोटात जाणवतो. केवळ हालेलुया ऐकणाऱ्याला ती टिंपनी सुरुवातीपासून असलेलीच वाटणार.

गाताना जाणवलेली एक गोष्ट सांगते. हालेलुयाच्या मध्यावर एक जागा अशी येते की वरचे आवाज एकेक शब्द लांबवून धरतात आणि तो धरलेला सूर पायरीपायरीने वर चढत जातो, तर खालून बाकीचे आवाज तुटक हालेलुया म्हणत राहतात. सोप्रानोंच्या, म्हणजे स्त्रियांतील वरच्या पट्टीत गाणाऱ्यांच्या, श्वासाची तिथे कसोटी लागते आणि आम्हा आल्टोंना तो चढता सूर कानात ठेवून आपली लय घट्ट धरावी लागते. अगदी शेवटी सगळे एकाएकी थांबते. त्या शांततेत कोणी चुकून आधी तोंड उघडले तर सगळ्या सभागृहाला ऐकू जाते, म्हणून त्या जागी प्रत्येकाचे डोळे कंडक्टरच्या हातावर खिळलेले असतात. मग शेवटचा संथ हालेलुया येतो.

हालेलुयाच्या वेळी श्रोते उभे राहतात, ही प्रथा राजा दुसरा जॉर्ज उभा राहिल्यापासून सुरू झाली असे सांगतात. परंतु ती हकीकत कितीतरी वर्षांनंतरच्या एका पत्रात प्रथम आढळते आणि राजा त्या प्रयोगाला हजर होता याला समकालीन पुरावा मिळालेला नाही. मला त्या प्रथेपेक्षा पुढची जागा अधिक मोलाची वाटते. तिसरा भाग सुरू होतो तो एकट्या सोप्रानोच्या शांत, श्रद्धेने भरलेल्या गाण्याने. एवढ्या जल्लोषानंतर एकच आवाज आणि थोडीशी तंतुवाद्ये ऐकताना जो दिलासा मिळतो, तो हालेलुयावर यंत्र बंद करणाऱ्याच्या वाट्याला येत नाही.

वाचस्पती

धागाकर्त्यांचे विवेचन अभ्यासपूर्ण आहे, तरीही मी विरुद्ध बाजू मांडू इच्छितो, कारण 'पूर्ण रचनाच ऐकावी' हा आग्रह इतिहासाला धरून नाही.

ज्या कार्यक्रमात 'नववी' प्रथम वाजली, त्याच कार्यक्रमात बीथोव्हेनच्या 'मिसा सोलेम्निस' या चर्चमधील प्रार्थनारचनेचे केवळ तीन भाग सादर झाले होते. पूर्ण रचना झालीच नाही. त्याआधी १८१३ मध्ये त्याची सातवी सिम्फनी प्रथम वाजली तेव्हा श्रोत्यांनी तिच्यातील दुसऱ्या मूव्हमेंटला 'वन्स मोअर' दिला आणि तेवढीच मूव्हमेंट पुन्हा वाजवण्यात आली. पुढील काळात ती स्वतंत्रपणेही वाजू लागली. हँडलने तर १७४९ मध्ये लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटल या अनाथालयासाठी जी प्रार्थनारचना केली, तिच्या शेवटी 'मेसाया'तील हालेलुया जसेच्या तसे आणून बसवले. म्हणजे हालेलुया त्याच्या जागेवरून उचलणारा पहिला माणूस स्वतः हँडलच होता. ज्या संगीतकारांच्या हेतूचा आपण हवाला देतो, त्यांना आपल्या रचनांचे तुकडे पाडण्यात काही गैर वाटत नव्हते. रचना अथपासून इतिपर्यंत मौन पाळून ऐकण्याची शिस्त नंतरच्या काळातील आहे आणि ती अनेक नव्या श्रोत्यांना या संगीतापासून दूर ठेवते.

शिवाय एखादी सुरावट जागेवरून उचलल्यावरही टिकते, हे तिच्या सामर्थ्याचे लक्षण नव्हे काय?

षड्ज_पंचम

वाचस्पती, १७४९ चा दाखला अतिशय समर्पक आहे आणि तो माझ्या लेखनात यायला हवा होता. परंतु हँडलने हालेलुया उचलले आणि दुसऱ्या एका रचनेच्या शेवटी, तिच्या मजकुराशी जुळवून बसवले. त्याने त्याला नवी जागा दिली. माझा आक्षेप आहे तो जागाच नसण्याला, म्हणजे हालेलुयानंतर लगेच 'ज्युपिटर' आणि त्यानंतर लगेच 'लाक्रिमोसा' अशा ऐकण्याला. तुकडा स्वतंत्र वाजू नये असे मी म्हणत नाही. तुकड्यापाशी थांबणाऱ्याचे फार मोठे नुकसान होते, एवढेच माझे म्हणणे आहे.

रोहिणी_न

व्हर्डीच्या रिक्विएमबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही, कारण धागाकर्त्यांच्या मुद्द्याला याहून बळकट आधार मला दिसत नाही.

'दिएस इराए', म्हणजे कोपाचा दिवस, हा तुकडा आज जाहिरातींत आणि चित्रपटांच्या झलकींत सतत वापरला जातो : चार प्रचंड आघात, वरून खाली कोसळणारे कॉयरचे आवाज आणि मोठ्या ढोलाचे अवचित ठोके. रचनेत त्याच्याआधी 'कीरिए' (दयेची प्रार्थना) असते आणि ते अगदी मंद, समाधानी सुरांत विझत जाते. त्या शांततेची सवय झाली न झाली तोच पहिला आघात बसतो. ढोलाचे ठोके आघाताबरोबर न पडता दोन आघातांच्या मधल्या रिकाम्या जागी पडतात, त्यामुळे पायाखालची जमीन सरकल्यासारखे होते. त्या ढोलाचे कातडे घट्ट ताणलेले असावे, अशी व्हर्डीची सूचना आहे.

हा कोप एकदाच येऊन जात नाही. त्याच दीर्घ प्रकरणात तो आणखी दोनदा उसळतो. नंतर बराच वेळ दुसरे संगीत चालते, 'सांक्तुस' येते, 'आग्नुस देई' येते, आणि श्रोता त्याला विसरतो. शेवटच्या 'लिबेरा मे' या भागात एकटी सोप्रानो गायिका 'मला सोडव' अशी विनवणी करत असताना तो पुन्हा कोसळतो. प्रथम ऐकताना ते एक भव्य दृश्य वाटते. शेवटी ऐकताना समोर एक घाबरलेले माणूस उभे असते आणि कोप त्याच्यावर येतो.

याचा इतिहासही लक्षणीय आहे. १८६८ मध्ये संगीतकार रोसिनी वारल्यावर व्हर्डीने सुचवले की इटलीतील अनेक संगीतकारांनी मिळून त्याच्यासाठी एक रिक्विएम लिहावे. स्वतः व्हर्डीने १८६९ मध्ये त्यातील अखेरचा भाग, म्हणजे 'लिबेरा मे', लिहिला; पण तो सामूहिक उपक्रम त्या काळी सादरच झाला नाही. पुढे लेखक मांझोनी यांच्या मृत्यूनंतर व्हर्डीने पूर्ण रिक्विएम लिहायला घेतले आणि २२ मे १८७४ रोजी, त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनी, मिलानच्या सान मार्को चर्चमध्ये ते सादर केले. १८६९ च्या त्या जुन्या 'लिबेरा मे'मध्ये 'दिएस इराए'चे संगीत आधीच होते. म्हणजे जगाला जो तुकडा आरंभीचा गडगडाट म्हणून माहीत आहे, तो मुळात शेवटच्या विनवणीतील आठवण म्हणून जन्मला. व्हर्डीने शेवट आधी लिहिला आणि उरलेली इमारत त्याच्या मागे बांधली.

हे संगीत टेरेझिनच्या छळछावणीतही गायले गेले. राफाएल शेख्टर या कैदी संगीतकाराने छावणीतील ज्यू कैद्यांना ते तोंडपाठ शिकवले. वाद्यवृंदाच्या जागी पियानो होता. गायकांना ऑशविट्झला पाठवले जाई, कॉयर मोडून पडे आणि शेख्टर नव्या कैद्यांना घेऊन तो पुन्हा उभा करी. १९४४ च्या जूनमध्ये रेडक्रॉसचे प्रतिनिधी छावणी पाहायला आले तेव्हाही ते सादर झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शेख्टरलाही ऑशविट्झला पाठवण्यात आले आणि तो परतला नाही. त्या माणसांनी काय गायले ते जाणून घ्यायचे असेल, तर 'लिबेरा मे'पर्यंत पोहोचण्यावाचून गत्यंतर नाही.

नवा_कान

मी हिंदुस्तानी संगीत अनेक वर्षे ऐकत आलो आहे, परंतु या संगीताशी माझा परिचय केवळ संकलनांपुरता आहे. सर्वांचे लेखन वाचून उत्सुकता वाढली. पूर्ण रचना ऐकायची तर कुठून सुरुवात करावी आणि साधारण किती वेळ काढावा, हे कृपया कोणी सांगावे. ऐकताना नेमके कशाकडे लक्ष द्यावे, हाही माझा प्रश्न आहे.

लंडनस्थ

होल्स्ट आणि एल्गार यांच्याविषयी लिहितो, कारण इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माणसाच्या कानांवर हे दोघे वारंवार पडतात, आणि तेही तुकड्यांत.

'ज्युपिटर'च्या मधोमध जी संथ, भारदस्त सुरावट आहे, तिच्यावर १९२१ मध्ये होल्स्टने एका देशभक्तिपर कवितेचे शब्द बसवले. तेव्हापासून ती समारंभांत, अंत्यविधींत, सगळीकडे गायली जाते. गाण्यात ती सुरावट नीट पूर्ण होते. मूळ रचनेत मात्र ती पूर्ण होतच नाही. ती चढत चढत जाते आणि आता षड्जावर विसावणार असे वाटत असतानाच तुटते, आणि सुरुवातीची धांदल पुन्हा सुरू होते. 'द प्लॅनेट्स'मध्ये ज्युपिटर हा सात ग्रहांपैकी चौथा आहे. त्याच्यानंतर सॅटर्न, म्हणजे वार्धक्य घेऊन येणारा शनी, आणि शेवटी नेपच्यून येतो. नेपच्यूनमध्ये स्त्रियांचा शब्दविरहित कॉयर रंगमंचाबाहेर दुसऱ्या खोलीत बसवलेला असतो आणि होल्स्टची लेखी सूचना अशी आहे की त्या खोलीचे दार अगदी हळूहळू बंद करावे आणि शेवटचे माप, म्हणजे स्वरलिपीतील ठरावीक मात्रांचा शेवटचा गट, आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत गात राहावे. संगीत नेमके कधी संपले हे सभागृहात कोणालाच सांगता येत नाही. सुरुवातीच्या काळात ही रचना अपुरीच वाजवली जाई; लंडनमध्ये ती जाहीर कार्यक्रमात पूर्ण वाजली ती १९२० मध्ये. केवळ श्रोत्यांना सुखी शेवट मिळावा म्हणून ज्युपिटरवर थांबणे होल्स्टला मान्य नव्हते.

आपल्या वाचकांसाठी एक खरा दुवा सांगण्याजोगा आहे. होल्स्टने संस्कृत शिकून ऋग्वेदातील सूक्तांची स्वतः भाषांतरे केली आणि १९०८ ते १९१२ या काळात त्यांवर समूहगानांचे चार गट रचले. त्यांतील तिसरा गट केवळ स्त्रियांचे आवाज आणि हार्प यांच्यासाठी आहे व त्याचा आरंभ उषेच्या सूक्ताने होतो. महाभारतातील सावित्रीच्या कथेवर त्याने एक छोटा ऑपेराही लिहिला. नेपच्यूनमधील दूरस्थ स्त्रीस्वर ज्यांना आवडतात, त्यांनी उषेचे सूक्त जरूर ऐकावे.

आता 'निमरॉड'. इंग्लंडमध्ये ते दरवर्षी नोव्हेंबरमध्ये युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ वाजते, त्यामुळे ते शोकगीत आहे असेच सर्वांना वाटते. एल्गारच्या 'एनिग्मा व्हेरिएशन्स' १८९९ मध्ये प्रथम वाजल्या, तेव्हा ज्याच्यावर हा भाग लिहिला तो आउगुस्ट येगर जिवंत होता. एल्गार खचून गेला असताना या मित्राने बीथोव्हेनच्या उदाहरणाने त्याला धीर दिला होता, त्या संवादाची ही आठवण आहे. आधीचा भाग हलकाफुलका आहे. तो संपताना पहिल्या व्हायोलिनांचा एकच सूर धरून ठेवलेला राहतो आणि त्याच्याखाली अत्यंत मंद आवाजात 'निमरॉड' सरकत येते, पट्टी बदललेली असते. हा सांधा संकलनांत कापलेला असतो, आणि माझ्या मते सगळ्या रचनेतील सर्वांत सुंदर क्षण तोच आहे. पुढे 'डोराबेला' नावाचा नाजूक, किंचित अडखळणारा भाग येतो. शोकगीतानंतर कोणी असे लिहीत नाही. मैत्रीच्या चित्रांच्या मालिकेतील ते एक चित्र आहे.

फोंडेकर

गोव्यात या संगीताचा वारसा पोर्तुगीज काळापासून आहे. तिथल्या पॅरिश शाळांत मुलांना सोल्फेजो, म्हणजे स्वरलिपी पाहून गाणे, आणि व्हायोलिन शिकवत असत. त्या शाळांतून तयार झालेले कितीतरी वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत भारतीय रागांवर आधारित रचनांसाठी मोठा वाद्यवृंद उभा केला. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यमेळ लिहिले. मुख्य सुरावटीच्या सोबतीने दुसरी स्वतंत्र सुरावट चालवण्याला हे वादक ऑब्लिगाटो म्हणत आणि हिंदी गाण्यांत गायकाच्या मागे ऐकू येणारी व्हायोलिनची किंवा चेलोची ती ओळ आपल्या सर्वांच्या कानांत बसलेली आहे.

नवा_कान, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर यातच आहे : ती दुसरी ओळ ऐका. 'नववी'त चेलो-बेस यांनी आनंदगान एकदा पूर्ण वाजवल्यावर ते दुसऱ्यांदा सुरू होते, तेव्हा बसून हे फुंकवाद्य त्याच्याभोवती स्वतःची एक वेगळीच ओळ विणत राहते. पहिल्या वेळी सगळ्यांचे लक्ष मुख्य सुरावटीकडे असते. दुसऱ्या वेळी मुख्य सुरावट बाजूला ठेवून केवळ बसून ऐकावे.

माझी स्वतःची आवड म्हणाल तर 'न्यू वर्ल्ड'. १६ डिसेंबर १८९३ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ती प्रथम वाजली. लार्गोमधील इंग्लिश हॉर्न या फुंकवाद्याची सुरावट इतकी साधी आहे की ती एखादे जुने लोकगीत असावे असे अनेकांना वाटते. उलट द्वोर्झाकने ती स्वतः रचली आणि १९२२ मध्ये त्याच्या एका शिष्याने तिच्यावर शब्द बसवून गाणे केले. मात्र लार्गोच्या उत्तरार्धात एक स्फोट होतो आणि त्यात पहिल्या मूव्हमेंटचा मुख्य सूर ट्रॉम्बोनांवर घुसून येतो. पहिली मूव्हमेंट न ऐकलेल्याला तो नुसता गोंगाट वाटतो. त्यानंतर मूळ सुरावट पुन्हा येते ती मोजक्या तंतुवाद्यांवर, आणि ती दोनदा-तीनदा मध्येच थांबते, जणू गाणाऱ्याचा कंठ दाटून आला आहे. शेवटच्या मूव्हमेंटमध्ये चारही मूव्हमेंटचे सूर एकमेकांत मिसळतात. घर सोडून आलेल्या माणसाची ही सिम्फनी आहे, असे मला नेहमी वाटते. आणि घर सोडून मुंबईला गेलेले वादक मी लहानपणापासून पाहिले आहेत.

वाचस्पती

रोहिणी_न यांचा प्रतिसाद वाचून माझ्या आधीच्या मतातील काही भाग मी सौम्य करतो. व्हर्डीच्या बाबतीत जागेचा युक्तिवाद निर्विवाद आहे. तथापि तो सर्वत्र सारखा लागू पडत नाही. कार्ल ओर्फच्या 'कार्मिना बुराना'चे उदाहरण घ्या. १९३७ मध्ये फ्रँकफुर्टला प्रथम सादर झालेल्या या रचनेतील 'ओ फोर्तुना', म्हणजे दैवाला उद्देशून गायलेले समूहगान, जगभर वाजते. ते रचनेच्या अगदी आरंभी येते, म्हणजे त्याच्याआधी काहीच नसते, आणि त्याच शब्दांत व त्याच सुरांत शेवटीही येते. मधल्या वसंताच्या, मद्यशाळेच्या आणि प्रेमाच्या गाण्यांत काही गोड जागा आहेत, पण ती ऐकल्याने शेवटचे 'ओ फोर्तुना' मला तरी वेगळे ऐकू आले नाही. तिथे तुकडा ऐकणाऱ्याचे फारसे काही बुडत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

रोहिणी_न

वाचस्पती, 'ओ फोर्तुना'विषयी मी असहमत आहे. शेवटच्या वेळी ते प्रेमाच्या जल्लोषानंतर, सौंदर्याची स्तुती ऐन शिगेला पोहोचलेली असताना येते. दैवाचे चाक फिरले, हे सांगायला संगीत जसेच्या तसे परतणेच आवश्यक होते. त्यात एक सूर जरी बदलला असता तरी चाक पुन्हा पहिल्या जागी आले नसते.

मोझार्टच्या 'लाक्रिमोसा'बद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात : त्यातील पहिली आठच मापे मोझार्टच्या हातची आहेत. ५ डिसेंबर १७९१ रोजी तो वारला आणि त्याचा शिष्य झ्युसमायर याने रिक्विएम पूर्ण केले. शेवटच्या भागासाठी त्याने मोझार्टचेच सुरुवातीचे संगीत परत आणले, त्यामुळे रचनेची अखेर निदान गुरूच्या सुरांत होते. आपल्या झुबिन मेहता यांनी १९९४ मध्ये सारायेव्होच्या उद्ध्वस्त राष्ट्रीय ग्रंथालयात, शहराला वेढा पडलेला असताना, तिथलाच वाद्यवृंद आणि कॉयर घेऊन ते सादर केले होते. त्याचे चित्रीकरण उपलब्ध आहे.

आल्टो_गायिका

ब्राह्म्सचे 'जर्मन रिक्विएम' या यादीत नाही याचे मला दुःख वाटते, आणि कदाचित त्यात काढून घेण्याजोगा एकही तुकडा नाही हेच त्याचे कारण असावे. त्यात कोपाचा दिवस नाही. ब्राह्म्सने लॅटिन मजकूर घेतला नाही. जर्मन बायबलमधून त्याने स्वतः वचने निवडली आणि ती मृतांसाठी नसून मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी आहेत. पहिल्या भागात व्हायोलिने वाजतच नाहीत, त्यामुळे सगळा आवाज व्हायोला आणि चेलो यांच्या गडद रंगाचा होतो. दुसऱ्या भागात ती येतात तेव्हा उजेड वाढल्यासारखा वाटतो. आमच्या कॉयरमध्ये वयस्क मंडळी आहेत, त्यांतील काहींनी नुकताच जोडीदार गमावलेला होता, आणि या रचनेची तालीम ती कधीही चुकवत नसत. ब्राह्म्सची आई १८६५ मध्ये वारली आणि १८६८ मध्ये ब्रेमेनच्या चर्चमध्ये ही रचना सादर झाली. सोप्रानोचा भाग, ज्यात आई मुलाला धीर देते तसा मी तुम्हाला धीर देईन असे वचन आहे, त्याने त्यानंतर जोडला.

षड्ज_पंचम

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नवा_कान यांच्या प्रश्नांची उत्तरे देतो.

तुम्ही ख्याल ऐकता, म्हणजे अर्धे काम झालेले आहे. विलंबितात राग तासभर उलगडत गेल्यावर द्रुत बंदिश सुरू होते तेव्हा जे वाटते, ते केवळ द्रुत बंदिशीच्या ध्वनिमुद्रणात वाटत नाही, हे तुम्हाला कोणी समजावण्याची आवश्यकता नाही. तीच अपेक्षा ठेवून इथे बसा.

सुरुवात 'न्यू वर्ल्ड'ने करावी. ती सुमारे चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची आहे आणि तिच्यातील सूर पुन्हा पुन्हा परतत असल्याने ओळख लवकर पटते. त्यानंतर 'एनिग्मा', सुमारे अर्धा तास. लंडनस्थ यांनी सांगितलेला सांधा त्यात चुकवू नका. मग 'नववी'. ती सत्तर मिनिटांच्या आसपास जाते. एका बैठकीत जमत नसेल तर पहिल्या दोन मूव्हमेंट एका दिवशी आणि उरलेल्या दोन दुसऱ्या दिवशी ऐकाव्यात, परंतु तिसरी आणि चौथी यांच्यामध्ये खंड पडू देऊ नये, कारण तिसरीची शांतता कानात असतानाच ती आरोळी यायला हवी. कंडक्टर फुर्टवेंग्लर यांचे १९५१ मधील बायरॉइट महोत्सवातील ध्वनिमुद्रण जुने असले तरी त्यातील चेलो-बेस यांचे पहिले आनंदगान इतक्या हलक्या आवाजात सुरू होते की ते ऐकण्यासाठी आपण नकळत पुढे झुकतो. व्हर्डीला दीड तास लागतो. संपूर्ण 'मेसाया' सुमारे अडीच तासांचा आहे, त्यामुळे प्रथम त्याचा केवळ दुसरा भाग ऐकावा, आणि आल्टो_गायिका यांनी सांगितल्याप्रमाणे त्याला जोडून तिसऱ्या भागातील सोप्रानोचे पहिले गाणे.

प्रत्यक्ष ऐकण्याची संधी मिळाली तर ती सोडू नये. मुंबईत नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स येथे २००६ मध्ये स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे आणि त्याच्या हंगामांत मोठ्या रचना पूर्ण वाजवल्या जातात. जागा निवडताना अगदी पुढची रांग घेऊ नका. तिथे व्हायोलिनांखाली बाकी सगळे दबते. मधल्या किंवा वरच्या मजल्यावरून चेलो, बेस, फुंकवाद्ये आणि मागे बसलेला टिंपनीवादक असे सर्व एकाच नजरेत येते, आणि फोंडेकर म्हणतात ती दुसरी ओळ कोण वाजवत आहे, हे डोळ्यांनाही दिसते.